घट्ट ठोकलेली भिंत

नेलगन बनवणाऱ्याशी माझं भांडण नाही. ती हातात आली की माणसाचं जे होतं, त्याच्याशी आहे. हातोडीने खिळा मारताना अंगठा ठेचायची भीती असते, दंड भरून येतो, त्यामुळे प्रत्येक खिळ्यामागे माणूस थोडा तरी विचार करतो. नेलगनला कंप्रेसरची हवा. नाक भिंतीला टेकवायचं, चाप ओढायचा, फट्. खिळा डोक्यासकट आत. ज्याला विचार करायचा कंटाळा, त्याची चैनच. ही चैन आमच्या चाचाच्या बायकोला कशी भोवली ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

मी सुतार. गाव संगमेश्वराकडे. कतारमध्ये मी घरांना बाहेरून सायडिंग लावतो, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या लांब पट्ट्या एकीत एक अडकवत भिंतभर चढवायच्या. बघणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. त्यात एकच गोम आहे आणि ती कोणाच्या गळी उतरत नाही. पट्टी घट्ट ठोकायची नसते. पट्टीच्या वरच्या कडेला लांबट भोकं असतात. खिळा भोकाच्या बरोबर मध्ये मारायचा आणि त्याचं डोकं पट्टीला टेकू द्यायचं नाही, मधून नाणं सरकेल एवढी फट ठेवायची. पट्टी खिळ्यावर नुसती टांगलेली पाहिजे, हाताने ढकलली तर इकडेतिकडे सरकली पाहिजे. कारण प्लास्टिक उन्हाने लांबतं आणि गारव्याने आखडतं. कतारचं ऊन काय असतं ते, दुपारी गाडीच्या दाराची कडी ज्याने धरली आहे, त्याला सांगायला नको. पट्टीला हलायला जागा ठेवली नाही तर ती दोन खिळ्यांच्या मध्ये पोट काढते. नेलगनने हे काम करायचं तर हवा कमी करायची, नाकापुढे अडसर लावायचा, शंभर भानगडी. मी आपली हातोडीच घेतो.

चाचा श्रीवर्धनकडचा. उम्म सलाल मोहम्मदच्या बाहेर एका अरबाचा मजरा आहे, मजरा म्हणजे मळा. खजुराची झाडं, बकऱ्या, पाण्याची टाकी. तो चाचा सांभाळतो. मालक अधूनमधून येतो, बाकी सगळं राज्य चाचाचं. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आम्ही कोकणातले पाच-सात जण तिथे जमतो, हिंदू-मुसलमान सगळे. मासे कोणीतरी आणतं, भात चाचा शिजवतो, आणि आठवडाभर हिंदी-इंग्लिश बोलून आंबलेली जीभ तिथे मोकळी होते. मला सगळे मेस्त्री म्हणतात. या मंडळींवर माझा जीव आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे.

चाचाची खोली म्हणजे मजऱ्याच्या कडेला उभी केलेली जुनी पोर्टाकॅबिन. आतून ठीक, एसी चालू. बाहेरून प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले, रंग उडालेला. चाचाचं त्यावाचून काही अडत नव्हतं. पण त्या वर्षी मालकाने मोठ्या मनाने चाचीचा व्हिजिट व्हिसा काढून दिला. ईद झाली की एक महिना. चाचाचं अख्खं आयुष्य इथे गेलं आणि चाची एकदाही इथे आली नव्हती. नवरा सुट्टीवर यायचा तेवढाच तिचा. आपला माणूस कुठे झोपतो, कुठे बसून चहा पितो, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. फोनवर चाचा तिला खोली दाखवायचाच नाही, खजुराची झाडं दाखवायचा.

बातमी कळली तसा आमच्यातला ड्रायव्हर उठून उभा राहिला. हा खेडचा, अल थुमामाला एका कुटुंबाची गाडी चालवतो. माणूस दिलदार, हौस दांडगी, अक्कल बेताची. म्हणाला, “चाची पहिल्यांदा येणार आणि तिला ही खोपटी दाखवायची? आपली काय इज्जत ऱ्हायली?” सगळ्यांनी माना डोलावल्या. अल अझीझियाच्या आमच्या साइटवर फिकट बदामी रंगाच्या पट्ट्या उरल्या होत्या. सुपरवायझरला विचारून मी त्या आणल्या. थंडीचे दिवस होते, कामाला हवा उत्तम. आमच्यातल्या एसी मेकॅनिकने ओळखीतून कंप्रेसर आणि नेलगन आणली. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणे, “मेस्त्री, एका जुम्म्यात खलास करू.”

मी खालची पहिली ओळ हातोडीने लावून दाखवली. प्रत्येकाला बोलावून पट्टी हाताने सरकवायला लावली. हे बघ, अशी हलली पाहिजे. कळलं? कळलं म्हणाले. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला, दुसऱ्या दिवशी व्हिला ताब्यात द्यायचा होता, तातडीने ये म्हणाला. निघताना मी बजावलं की हातोडीने करा, सैल करा, नाहीतर माझी वाट बघा. या तीन गोष्टी मी गाडीत बसेपर्यंत सांगत होतो.

पुढच्या शुक्रवारी गेलो तर चारही भिंती पूर्ण. लांबून झकास दिसत होत्या, खोटं कशाला बोलू. सगळे रांगेत उभे, लग्नघरातल्यासारखे तोंडभर हसत. मी जवळ गेलो, हात लावला, ढकललं. पट्टी जागची हलेना. दुसरी ढकलली, तीच तऱ्हा. वरच्या पट्टीची कड उचलून आत बघितलं तर खिळ्यांची डोकी प्लास्टिकमध्ये रुतून बसलेली, कड चेपून पांढरी पडलेली. भोकाच्या मध्ये वगैरे सोडाच, कुठे कडेला, कुठे भोक सोडून सरळ पट्टीतून, आणि वीतभर अंतरावर एकेक खिळा. ड्रायव्हर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “हत्ती धडकला तरी हलायची नाय.”

मग मी खालची ओळ बघितली. माझी. माझ्या हाताने, बरोबर लावलेली. तीसुद्धा त्यांनी ठोकून घट्ट केली होती. मी विचारलं, हिला कशाला हात लावलात? एसी मेकॅनिक जरा लाजत म्हणाला, “ती लटकत व्हती मेस्त्री. तुला घाई झाली ना त्या दिवशी. म्हटलं, ऱ्हायलेलं आपण पुरं करू.”

हा मूर्खपणा खास आमचा आहे, दुसऱ्या कोणाला जमायचा नाही. कोकणात मे महिना लागला की ओटीला माडाची झापं बांधतात, पत्र्यांवर दगड चढवतात, वाऱ्याकडच्या खिडकीला फळ्या मारतात. सगळं झालं की घरातलं मोठं माणूस येऊन एकेक गोष्ट हलवून बघतं. हललं की शिव्या. हलतं ते उडतं, हे आमच्या हाडात भिनलेलं. माझी सैल पट्टी बघून या माणसांना हे सुचलंच नाही की मेस्त्रीने मुद्दाम तसं केलं असेल, आणि सरकवून दाखवलं होतं ते त्यांना मेस्त्रीचा काहीतरी विनोद वाटला. त्यांनी माझी लाज झाकली. खरंच सांगतो, त्या क्षणी कोणी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी इतका राग आला नसता.

मी तोंड सोडलं. आत्ता सगळं उपसा म्हणालो. आणि इथे मला माणसाचा एक गुण कळला, जो मला आधीच ठाऊक असायला हवा होता. ठोकायला सगळे, उपसायला कोणी नाही. नेलगन चालवायला एकमेकांच्या हातातून ओढून घेत होते म्हणे. खिळे काढायचे म्हटल्यावर एकाला ड्युटी आठवली, एकाचा खांदा धरला, एसी मेकॅनिकला कंप्रेसर परत द्यायचा होता. खिळा काढणं म्हणजे काय, पट्टीची कड उचलायची, तिला न मोडता खिळे उपसायचा लोखंडी पंजा आत घालायचा, हळूहळू डोकं वर घ्यायचं. त्यात फट् नाही, गंमत नाही. ड्रायव्हर म्हणाला, “फुगली तर बघू मेस्त्री. फुगायला ती काय पुरी हाय?”

मी एकट्याने सुरुवात केली. दुसऱ्या की तिसऱ्या खिळ्याला चाचाने येऊन माझा हात धरला.

“जाव दे मेस्त्री,” तो म्हणाला. “पोरांनी त्यांचे जुम्मे दिलेत. आता समोर उपसलंस त त्यांना कसा वाटंल?”

“आणि उन्हाळ्यात काय करशील?”

“तवाचा तवा बघू.”

घर त्याचं, भिंत त्याची. मी पंजा पेटीत टाकला आणि न जेवता निघालो. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं.

ईदनंतर चाची आली. येताना कुळथाचं पीठ, सोडे, आमसुलं आणि प्रत्येकासाठी सांदणं घेऊन आली. हवा तेव्हा बरी होती. खोलीभोवती एक फेरी मारून तिने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “मना वाटला न्हवता तुमी असं ऱ्हाता म्हनून.” चाचाच्या तोंडावरचा आनंद मी बघितला. ड्रायव्हरने माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून उठावंसं वाटलं. पण मनात म्हटलं, देवा, माझा हा राग खोटा ठरू दे. महिनाभर भिंत गप्प राहू दे.

आठवड्याभरात हवा फिरली. इथे उन्हाळा चढत नाही, अंगावर पडतो. मी सुरमई घेऊन मजऱ्यावर गेलो तर चाची बाहेर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, ओढणीने वारा घेत बसलेली. आत एसी चालू आणि ही बाहेर झळा खात. मी विचारलं, “चाची, इथे का?”

“आत बसवत नाय,” ती म्हणाली.

तेवढ्यात भिंत वाजली. टक्. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला, टक्, टकटक. मी बघत होतो. पट्ट्यांना लाटा आल्या होत्या, दोन खिळ्यांच्या मध्ये पोटं सुटली होती, आणि एखादं पोट फार ताणलं की झटक्यात बाहेर फुटून यायचं, कोणी बोटाच्या पेराने दार वाजवावं तसा आवाज करून. दुपारी फुगताना वाजायचं आणि संध्याकाळी मगरिबच्या नमाजेच्या सुमाराला भिंत गार होताना पुन्हा, उलट्या बाजूने. चाचा तेव्हा बकऱ्यांकडे, पंपाकडे असायचा. आजूबाजूला घर नाही, माणूस नाही, आणि भिंतीवर सारखं कोणीतरी ठोठावतंय. चाची भित्री नव्हे. समुद्रालगतचं घर, पोरं, सासू-सासरे, सगळं तिने एकटीने सांभाळलं. पण एकट्या बाईच्या दारावर दिवसभर टकटक झाली तर तिने काय करायचं? पहिल्या दिवशी तर ती लाटणं घेऊन बाहेर गेली होती.

“मेस्त्री,” तिने मला विचारलं, “या भिंतीला काय झालाय?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून चाचाचा आवाज आला. “वारा हाय. इथं वारा लय.”

चाचीने मान वर करून खजुराच्या झाडांकडे बघितलं. एक पात हलत नव्हती. मग ती मासे घेऊन आत गेली.

मी चाचाला पंपाच्या खोलीमागे नेलं. म्हटलं, तुझी बायको उन्हात बसते आणि तू तिला वारा सांगतोस? आत्ता पंजा आणतो, दोघं मिळून उपसू. चाचा म्हणाला, नको. मग तिला खरं तरी सांग. नको. मी विचारलं, का? तेव्हा तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही.

“मना ताप येतो तवा कोन येतो? तू अझीझियात, चाची गावाला. डायवर येतो गाडी घेऊन. दवाखान्यात नेतो, लायनीत उभा ऱ्हातो. माझा पाय मोडला तवा एसीवाल्याने मना आंघोळ घातलान. चाची महिन्याने जानार. मंग मी हाय न हे हायत. त्यांच्या तोंडावर कसा सांगू, तुमी केलात ता वाईट केलात?”

“त्यांना नको सांगू. चाचीला सांग.”

“चाचीला सांगितला त ती त्यांना सांगंल. तिची जीभ तुना ठाव नाय.”

वर त्याने माझ्याकडून शपथ घेतली की मी तिला काही बोलणार नाही. उपकार करणाऱ्याला त्याच्या उपकाराचं नुकसान दाखवायचं नाही, ही आमच्या लोकांची रीत मला माहीत आहे, मीही त्यातच वाढलो. पण ती रीत बाईच्या डोक्यावर का? नवऱ्याची इज्जत, मित्रांची मनं, सगळ्यांचं जपायचं, आणि त्यासाठी उन्हात बसायचं तिने. हे कुठल्या धर्मात लिहिलंय ते मला कोणी दाखवावं.

पंधरवडा व्हायच्या आत चाची गेली. महिन्याचं तिकीट पुढे ओढून घेतलं. हवा मानवत नाही म्हणाली. विमानतळावर तिला ड्रायव्हरनेच सोडलं. खजूर, चॉकलेटं, पोरांना खेळणी, काय काय दिलं त्याने, आणि मला फोन करून मोठ्या प्रेमाने सांगितलं, “चाचीला म्हटलं, फुडच्या टायमाला या, स्वयपाकाच्या पडवीला पन सायडिंग मारून ठेवतो.” मी फोन ठेवून दिला. नाहीतर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

त्या शुक्रवारी सगळे जमले. खोलीबाहेर सावलीत ताटं वाढली होती. एसी मेकॅनिक म्हणाला, चाची एवढ्या लवकर का गेली? चाचा भात वाढता वाढता म्हणाला, “हवा मानवली नाय तिला.” भिंत आमच्या पाठीशी वाजत होती, टक्, टक्, आणि कोणाला काही वाटत नव्हतं. एकाने तर “काय गरमी हाय” असं म्हणून मागे भिंतीला पाठ टेकली.

मी ताट बाजूला सारलं. म्हणालो, हवा नाही. तुमची भिंत. ती बाई रोज दुपारी टाकीमागे बसायची, तुमच्या या भिंतीच्या टकटकीने. मगरिबला दार लावून कोपऱ्यात बसायची. आणि हा तिला सांगायचा, वारा आहे. का, तर तुम्हाला वाईट वाटेल. आता वाटून घ्या वाईट.

मला वाटलं भांडण होईल. मला हवंच होतं. पण चाचा माझ्याकडे न बघता भाताचं भांडं घेऊन आत गेला. ड्रायव्हरचा घास हातात राहिला. तो म्हणाला, “आमाला आधी का नाय सांगितलंस?”

“आधी? त्याच दिवशी घसा फोडून सांगितलं.”

“तू पट्टीसाठी वरडत व्हतास मेस्त्री. तू त रोजच वरडतोस. चाचीचं नाय सांगितलंस.”

हात धुऊन तो गाडीकडे गेला आणि टायरचा पाना घेऊन आला. त्याने तो पट्टीच्या कडेत घातला तशी ती मोडली. मी शिवी घातली, पेटीतून पंजे काढले, एक त्याला दिला, एक मेकॅनिकला. मग सगळे उठले. कोणाला ड्युटी आठवली नाही, कोणाचा खांदा धरला नाही. भर उन्हात डोक्याला ओले पंचे बांधून सगळ्यांनी एकेक खिळा वर घेतला. मोडक्या पट्ट्या मागच्या भिंतीला घातल्या, चांगल्या पुढे. मी नाणं मध्ये धरून ठोकायला शिकवलं, आणि ड्रायव्हर प्रत्येक पट्टी लावून झाली की स्वतः हाताने सरकवून मला दाखवायचा, हलली, बघ, हलली. मगरिबच्या अजानीपर्यंत चारही भिंती झाल्या. एक दुपार. मी हिवाळ्यात जे मागत होतो ते एका दुपारचं काम होतं. बैल गेला आणि झोपा केला, तोही किती झटपट. मला त्या कामाचा आनंद झाला नाही. जितकी भिंत चांगली होत गेली तितका माझा राग वाढत गेला.

नमाज पढून चाचा बाहेर आला. ऊन उतरलं होतं, भिंत गार होत होती, एरवी याच वेळी ती वाजायला लागायची. आम्ही सगळे कान देऊन उभे. काही नाही. बकऱ्यांचा आवाज, लांबचा रस्ता, बाकी शांत.

चाचाने चाचीला फोन लावला. स्पीकर सुरू केला आणि फोन भिंतीला टेकवून धरला.

“ऐक,” तो म्हणाला.

“काय ऐकू?” तिकडून चाची. “कायच येत नाय.”

“भिंत हाय. आता वाजत नाय. पोरांनी सगली काढून परत लावली. एका दुपारात.”

चाचाने फोन कानाशी नेऊन बघितला, मग पुन्हा खाली घेतला.

“एका दुपारात?” चाची म्हणाली. “मंग मी व्हते तवा का नाय केलात?”

चाचाने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर खाली बघत होता. मग चाचाने फोन माझ्या हातात दिला.